दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदाविरुद्धच्या लढ्यात परदेशांतील सामान्य नागरिकांनी काय केले?

प्रश्न : भारताने १९४६ सालीच दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला आणि अमेरिकेने १९८६ साली निर्बंध लादले, हे वाचनात आले आहे. परंतु ज्यांच्या हाती परराष्ट्र धोरण नव्हते, त्या सामान्य लोकांनी नेमके काय केले?

प्रतिसाद १ : त्यांनी आपल्याच पैशाचा हिशेब मागितला. शिक्षक आणि पालिका कर्मचारी यांचे निवृत्तिवेतन निधी दक्षिण आफ्रिकेत व्यवसाय करणाऱ्या कंपन्यांच्या समभागांत गुंतलेले असल्यामुळे, ते काढून घ्यावेत असा आग्रह कामगार संघटना, चर्च आणि विद्यार्थी यांनी स्थानिक सभागृहांत धरला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १९८३ साली तसा कायदाच केला.

प्रतिसाद २ : आरंभ त्याहून जुना आहे. १९७० साली पोलरॉइड या झटपट छायाचित्रांचे कॅमेरे बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीत काम करणाऱ्या कॅरोलिन हंटर आणि केन विल्यम्स यांना कंपनीतच दक्षिण आफ्रिकेच्या खाण खात्याचे नाव असलेला ओळखपत्राचा नमुना दिसला. कृष्णवर्णीयांना सक्तीने बाळगाव्या लागणाऱ्या पासांसाठी आपल्याच कंपनीचे तंत्र वापरले जाते, हे उमगल्यावर त्यांनी बहिष्काराची हाक दिली. हंटर यांची नोकरी गेली, पण १९७७ साली कंपनीला तो देश सोडावा लागला. मला हे उदाहरण सर्वांत मोलाचे वाटते.

प्रश्नकर्ता : पण विकलेले समभाग दुसरा कोणी घेतोच ना?

प्रतिसाद १ : घेतो, म्हणून थेट आर्थिक फटका मर्यादितच होता. खरा घाव १९८५ साली बसला, जेव्हा अमेरिकेच्या चेस मॅनहॅटन बँकेने दक्षिण आफ्रिकेला दिलेल्या कर्जांना मुदतवाढ नाकारली आणि रँड हे तिथले चलन कोसळले. त्या निर्णयामागे जनमताचा दबावही होता.