मदत हवी आहे: वर्गातील धान्यफलकाला भुंगे लागले आणि मुलांनी नाचणीची आंबील नाकारली

नमस्कार. मी रत्नागिरी जिल्ह्यातील एका लहान प्राथमिक शाळेत दुसरीच्या वर्गाला शिकवते. वर्गात 23 मुले आहेत. जूनमध्ये शाळा उघडल्यावर मी मुलांकडून ‘आपल्या ताटातील धान्ये’ हा फलक करून घेतला होता. चार फूट लांबीच्या प्लायवूडवर कार्डशीट डकवून त्यावर मोर रेखाटला आणि त्याच्या पिसाऱ्यात नाचणी, वरी, भात, मूग, मसूर व चवळी असे एकेक धान्य भरले. विकतचा डिंक लहान मुलांच्या हाती नको, या विचाराने मैद्याची खळ शिजवून वापरली. मोराच्या डोळ्यासाठी आणि तुऱ्यासाठी शाळेच्या कुंपणावरील वेलीच्या गुंजा लावल्या, त्यामुळे मोर फारच देखणा दिसू लागला.

नारळी पौर्णिमेच्या सुमारास फलकाखाली पिठासारखी भुकटी पडलेली दिसली. जवळून पाहिले तेव्हा मूग आणि चवळी यांच्या जवळजवळ प्रत्येक दाण्याला गोल भोक पडले होते आणि तपकिरी रंगाचे बारीक भुंगे खिडकीच्या गजांवर फिरत होते. खालच्या कोपऱ्यात, जिथे भिंतीला ओल येते, तिथे कागदासह सर्वांवर बुरशी चढली होती. फलक उतरवावा लागला. सध्या तो सामानाच्या खोलीत गुंडाळून ठेवला आहे, कारण मुले रोज विचारतात आणि फेकून देण्याचे धैर्य मला होत नाही.

दुसरी अडचण खाण्याची आहे. फलकाला जोडून एका शनिवारी आहार शिजवणाऱ्या ताईंकडून नाचणीची आंबील करून घेतली. पीठ रात्रभर ताकात भिजवले होते. 23 पैकी 9 मुलांनी वाटी संपवली. उरलेल्यांनी ती काळी, आंबट आणि गिळगिळीत असल्याचे सांगून बाजूला ठेवली. आश्चर्य असे की यातील निम्म्या मुलांच्या घरी आजही नाचणीची भाकरी होते.

दिवाळीच्या सुट्टीनंतर फलक नव्याने करावयाचा आहे आणि तो पुढच्या पावसाळ्यातही टिकावा, अशी इच्छा आहे. शाळेत फ्रीज नाही, खर्च मी स्वतः करते आणि भिंत बदलणे माझ्या हाती नाही. खऱ्या धान्याऐवजी छापील चित्रे लावण्याचा सल्ला एका सहकाऱ्यांनी दिला आहे, पण नाचणी आणि वरी यांतील फरक बोटांना कळावा, हाच तर फलकाचा हेतू होता. कृपया अनुभवी मंडळींनी मार्ग सुचवावा.

प्रतिसाद 1 (निवृत्त शिक्षिका, चिपळूण)

बाई, भुंग्यांचे नंतर पाहू. आधी त्या गुंजा आजच काढा आणि किती लावल्या होत्या व किती हाती आल्या, हे मोजून घ्या. गुंजेचे बी अत्यंत विषारी असते. वरचे कवच अखंड असेपर्यंत बी गिळले गेले तरी पुष्कळदा अपाय न होता बाहेर पडते. परंतु ते चावले गेले, फुटले किंवा ओवण्यासाठी त्याला सुईने भोक पाडले, तर आतील विष पोटात जाऊ शकते. उलट्या आणि जुलाब ही लक्षणे काही तासांनी, कधी त्याहून उशिराही दिसतात, त्यामुळे मूल ठीक दिसते म्हणून घरी थांबणे चुकीचे ठरते. तसा संशय आला तर बी सोबत घेऊन तडक रुग्णालय गाठावे. एरंडाच्या बियांनाही वर्गात थारा देऊ नये. आमच्या पिढीने सोनाराच्या तराजूची गोष्ट सांगताना गुंजा खुशाल मुलांच्या हाती दिल्या, हे कबूल करते.

दुसरी काळजी नाकाकानांची. सहा-सात वर्षांचे मूल वाटाणा किंवा हरभरा नाकात घालते, तो ओलाव्याने फुगतो आणि मग चिमट्याने काढू गेल्यास अधिकच आत जातो. म्हणून चिकटवण्याच्या तासाला प्रत्येक गटासमोर बशीत मोजके दाणे ठेवावेत आणि तास संपल्यावर उरलेले दाणे परत घ्यावेत.

आता भुंगे. ते तुमच्या वर्गात बाहेरून आले असे समजू नका. बहुधा ते दाण्यांतूनच आले. कडधान्याचा भुंगा शेतात शेंगेवर किंवा साठवणीत दाण्यावर अंडी घालतो आणि अळी दाण्याच्या आत वाढते. अख्ख्या मुगावर किंवा चवळीवर पांढरे ठिपके दिसतात, ती अंडी असतात. उबदार, दमट हवेत महिनाभरात भुंगा गोल झाकण पाडून बाहेर येतो, आणि तुम्ही पाहिलेली भोके तीच आहेत. फुटलेल्या डाळीला हा भुंगा सहसा लागत नाही, म्हणून तुमचा मसूर अख्खा नसून डाळ असेल तर तो वाचला असणार.

उपाय साधा आहे. चिकटवण्यापूर्वी धान्य मंद आचेवर कोरड्या कढईत, हाताला चांगले गरम लागेपर्यंत सहा-सात मिनिटे हलवत भाजावे, म्हणजे अंडी आणि अळ्या मरतात. रंग बदलण्याइतके भाजू नये. ते पूर्ण निवल्याशिवाय डबा बंद करू नये, नाहीतर आत पाणी सुटते. कोणाच्या घरी फ्रीजर असेल तर हवाबंद पिशवीत आठवडाभर ठेवूनही काम होते, फक्त बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये.

खळ मात्र सोडा. मैद्याची खळ ही झुरळांना आणि कसरीला जेवणाचे आमंत्रणच आहे, शिवाय ती पावसाळ्यात वाळत नाही आणि बुरशीला तेवढेच हवे असते. जुने बुकबाइंडर खळीत मोरचूद घालत, म्हणून कोणी तसे सुचवले तर ऐकू नका. ते विष आहे. शाळेत मिळणारा पांढरा फेविकॉल पाणी न घालता पातळ थराने लावावा आणि फलक दोन दिवस पंख्याखाली आडवा ठेवून वाळवावा.

प्रतिसाद 2 (सुतारकाम करणारा पालक)

फलक भिंतीला टेकवला असेल तर कोणताही डिंक उपयोगी पडणार नाही. प्लायच्या मागे वरखाली दोन लाकडी पट्ट्या ठोका, म्हणजे भिंत आणि फलक यांच्यामध्ये बोटभर पोकळी राहील आणि वारा खेळेल. मागच्या बाजूला ऑइलपेंटचा एक हात मारा. कडा विसरू नका, प्लाय पाणी कडेनेच पितो.

प्रतिसाद 3 (गृहिणी, सावंतवाडी)

माझे मत थोडे निराळे आहे. अन्न भिंतीला चिकटवून शेवटी कचऱ्यात टाकावे लागते, हे मला पटत नाही आणि ग्रामीण भागातील पुष्कळ पालकांनाही पटत नसावे. आमच्या पुतणीच्या शाळेत बाईंनी तीन जुनी सुपे भिंतीवर टांगली आहेत. प्रत्येक सुपात तारेने बांधलेल्या, झाकण असलेल्या पारदर्शक प्लास्टिकच्या बाटल्या आहेत आणि त्यांत धान्य आहे. शनिवारी मुले बाटली उघडून धान्य ताटलीत ओततात, हाताने चाळतात, डोळे मिटून ओळखतात आणि परत भरतात. एखादी बाटली किडली तर तेवढीच रिकामी होते, बाकीचा फलक शाबूत राहतो. चिकटवण्याची हौस भागवायची तर ती तुसावर, तुरीच्या शेंगांच्या टरफलांवर, भाताच्या पेंढ्यावर आणि मळणी झालेल्या नाचणीच्या रिकाम्या कणसांवर भागवावी. हे सर्व नीट वाळवून घेतले की पिसारा त्याचाही होतो, आणि माझ्या मते धान्यापेक्षा देखणा होतो.

आंबिलीबद्दल सांगायचे तर रात्रभर ताकात भिजवलेले पीठ ज्यांना सवय आहे, त्यांच्यासाठी. मुलांसाठी पीठ आंबवू नये. चार मोठे चमचे नाचणीचे पीठ एक वाटी गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवावे, तीन वाट्या पाणी उकळवून त्यात धार धरून ओतावे आणि सात-आठ मिनिटे ढवळत शिजवावे. पीठ कच्चे राहिले की घशाला खरखर लागते. आंबील पूर्ण निवल्यावरच दोन वाट्या ताजे, गोडसर ताक, मीठ, भाजलेले जिरे आणि बारीक चिरलेली कोथिंबीर घालावी. गरम आंबिलीत ताक घातल्यास ते फाटते आणि मग मुलांचे म्हणणे खरे ठरते.

गिळगिळीतपणा घालवण्यासाठी मोड आलेल्या नाचणीचे पीठ वापरून पाहा. नाचणी दहा-बारा तास भिजवून फडक्यात बांधावी, दीड दिवसात बारीक मोड दिसतात, मग सावलीत कडकडीत वाळवून, किंचित भाजून दळावी. मोड येताना दाण्यातील पिष्ट फोडणारी द्रव्ये तयार होतात, म्हणून या पिठाची पेज तेवढ्याच मापात पातळ राहते आणि किंचित गोडही लागते. पावसाळ्यात हे करू नये, वाळण्याआधी वास येतो. नोव्हेंबर अगदी योग्य आहे.

धागाकर्ती

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पहिला प्रतिसाद वाचून तडक शाळेत गेले. 14 गुंजा लावल्या होत्या आणि 14 मिळाल्या. एकीलाही चीर नव्हती. कुंपणावरील वेल काढण्याविषयी मुख्याध्यापकांशी बोलले आहे.

सुपांची कल्पना फार आवडली. दोन शंका आहेत. बाजारात मिळणारे नाचणी सत्त्व मोडाच्या पिठाऐवजी चालेल का? आणि नाचणीतील कॅल्शियम मुलांना आकड्याशिवाय कसे दाखवावे? राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्यात 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 364 मिलिग्रॅम आणि पांढऱ्या तांदळात 7-8 मिलिग्रॅम असा फरक आहे, पण दुसरीच्या मुलाला 364 म्हणजे काहीच नाही.

प्रतिसाद 3 (गृहिणी, सावंतवाडी)

आमच्याकडे ज्याला सत्त्व म्हणतात, ते भिजवून वाटून, फडक्यातून गाळून, तळाशी बसलेला साका वाळवून करतात. ते पचायला हलके, म्हणून बाळांना आणि आजाऱ्यांना देतात. परंतु नाचणीचे कॅल्शियम आणि चोथा बऱ्याच प्रमाणात दाण्याच्या सालीत असतो आणि गाळताना साल फडक्यातच राहते. बाजारात मोडाच्या सबंध पिठालाही सत्त्व म्हणून विकतात, तेव्हा पाकिटावर काय लिहिले आहे ते वाचून घ्यावे. धडधाकट मुलांना सबंध पीठच द्यावे.

प्रतिसाद 1 (निवृत्त शिक्षिका, चिपळूण)

आकड्यांसाठी मणी ओवा. एक मणी म्हणजे 10 मिलिग्रॅम असे ठरवले की नाचणीच्या माळेत 36 मणी होतात आणि तांदळाच्या दोऱ्यात एकही पुरता होत नाही. तो जवळजवळ रिकामा दोरा सुपाशेजारी टांगलेला पाहून मुले आपणहून प्रश्न विचारतात. मणी मोठे घ्या, नाकात न जाणारे. कागदाच्या पट्ट्या गुंडाळून मुलांनीच केले तर उत्तम.

मात्र एक गोष्ट मुलांपासून लपवू नका. ही माळ 100 ग्रॅम नाचणीची आहे आणि वर दिलेल्या मापाच्या आंबिलीत 40 ग्रॅमच्या आसपास पीठ पडते, म्हणजे सहा मुलांत वाटल्यावर प्रत्येकाच्या वाटीत नाचणीचे जेमतेम अडीच मणी येतात आणि उरलेले ताक पुरवते. आंबील ही ओळख करून देण्यापुरती ठीक आहे. एका भाकरीला 50-60 ग्रॅम पीठ लागते, तेव्हा एका भाकरीत 18 ते 22 मणी झाले. म्हणून ज्या मुलांच्या घरी भाकरी होते, त्यांना एका शनिवारी चतकोर भाकरी आणि घरची एखादी चटणी आणायला सांगा. आंबिलीची वाटी बाजूला ठेवणारी मुले एकमेकांच्या डब्यातील भाकरी नक्की खातील, हा माझा तीस वर्षांचा अनुभव आहे.

धागाकर्ती

अडीच मण्यांचा हिशेब वाचून हसू आले, कारण मी पालकसभेत आंबिलीची फारच स्तुती करून बसले होते. आता असे ठरवले आहे: जुना फलक मुलांसमोरच उघडायचा, भोके पडलेला मूग बंद बाटलीत घालून भिंगातून दाखवायचा आणि उरलेला भाग शाळेमागे जाळायचा. नव्या फलकावर तूस आणि कणसांचा मोर, त्याखाली तीन सुपे आणि मण्यांच्या माळा. मोराच्या डोळ्यासाठी काळे बटण शिवले आहे.

एकच प्रश्न उरला. आमच्या भागात नाचणी आणि वरी सहज मिळते. राळा आणि हरीक या भरडधान्यांचे वाटीभर अख्खे, साल न काढलेले दाणे हवे आहेत. ती रत्नागिरीच्या आसपास कोणाकडे पेरली जात असतील, तर कृपया गावाचे नाव कळवावे. मी स्वतः येऊन घेऊन जाईन.