पोडियमवर मुलांसाठी खरी माती: कमिटीला कसं पटवायचं?

तामण_मुलुंड:
मी लँडस्केप डिझायनर आहे. मुलुंड पश्चिमेला एका सोसायटीच्या रीडेव्हलपमेंटचं काम माझ्याकडे आहे. गच्चीवरून राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर समोर दिसतात, आणि बिल्डरच्या नकाशात पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या वरच्या स्लॅबवर, मुलांच्या वाट्याला रबरी फरशी, कृत्रिम हिरवळ आणि कुंड्यांतले पाम आलेत. मी तिथे मातीचा मोकळा तुकडा, दोन-तीन देशी झाडं आणि एक नळ सुचवला. कमिटीची हरकत: चिखल होईल, डास होतील, साप येतील, स्लॅब गळेल.

पावसाळ्यात जुन्या आवारात साइट बघायला गेले होते. भिंतीलगत पैसा किडा चालला होता. आठवीतली एक मुलगी किंचाळून बाकावर चढली. तिच्या धाकट्या भावाने काडी लावली, तर तो गोल वेटोळं करून पडला. मग दोघं उकिडवी बसून तो पुन्हा कधी उलगडतो ते बघत राहिली. ते आवार आता खणलं जाणार. माझी फी बिल्डर देतो, पण त्या जमिनीवर वाढणार ही मुलं, त्यामुळे त्यांची बाजू मांडणं मला माझंच काम वाटतं. रविवारी मीटिंग आहे. काय मुद्दे मांडू?

स्लॅबवाला:
मी स्ट्रक्चरलमध्ये आहे. भिजलेली माती घनमीटरला जवळजवळ दोन टन भरते. म्हणजे मीटरभर थर असेल तर दर चौरस मीटरला तेवढा भार. स्लॅब-कॉलमचं आरसीसी ड्रॉइंग व्हायच्या आधी सांगितलंत तर हे सहज बसतं, स्लॅब पडल्यावर कोणी ऐकणार नाही. हिरवळीला फूटभर माती पुरते, झुडपांना दीड-दोन फूट, झाडाला किमान मीटरभर. झाडं कॉलमच्या डोक्यावर घ्या. वॉटरप्रूफिंगवर रूट बॅरियर (मुळं अडवणारा थर), ड्रेनेज सेल (निचऱ्याच्या पोकळ जाळ्या), जिओटेक्स्टाइल (माती अडवून पाणी जाऊ देणारं कापड), आणि माती टाकण्याआधी गळतंय का ते बघायला पाणी भरून पाँड टेस्ट. गळती होते ती यातलं काहीतरी गाळल्यामुळे. पण आधी खालच्या, खऱ्या जमिनीवर एखादी पट्टी मिळते का ते बघाच.

शाळेतल्या_बाई:
डासांचं मी सांगते. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो: कुंडीखालच्या ताटल्या, टायर, उघडी पिंपं. निचरा होणाऱ्या मातीत त्याला जागाच नाही. साप उंदरांमागे येतो, उंदीर कचऱ्यामागे. कचराकुंडी नीट ठेवा.

आणि खोदकामाआधी वरची फूटभर माती वेगळी काढून ठेवायला सांगा, तुमच्या त्या पैशासकट. ढीग फार उंच नको, वर ताग पेरा. त्या मातीत बिया असतात. पहिल्या पावसात टाकळा आपसूक उगवेल, त्यावर पिवळी फुलपाखरं अंडी घालतील, मुलांना अळ्या सापडतील. माझ्या वर्गातल्या कित्येकांना टाकळ्याची भाजी माहीत आहे, झाड माहीत नाही. सगळं कोरीव करू नका हो, एक कोपरा रानाला सोडा.

कोणी म्हणालं की शहरात असलं काही जगत नाही, तर धारावीजवळचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान दाखवायला न्या. सुमारे 37 एकर, खाली जुनं डम्पिंग ग्राउंड, वर आता जंगल. मी दरवर्षी मुलांना नेते.

अकरावी_चेंबूर:
आमच्या टॉवरमध्ये कृत्रिम हिरवळ आहे. मे महिन्यात दुपारी तिच्यावर अनवाणी पाय ठेवता येत नाही, इतकी तापते. आणि खऱ्या लॉनवर 'चालू नये' अशी पाटी! ताई, नुसती लहान मुलांची जागा करू नका. आमच्या वयाच्यांना झाडाखाली बसायला एक लांब कट्टा द्या, जिथून वॉचमन उठवणार नाही. झाडांना नावांच्या पाट्या लावता तसं काहीतरी करायलाही द्या. आम्ही रोपं लावू, खत करू, पण कमिटीने चावी द्यायला हवी.

तामण_मुलुंड:
सगळ्यांचे मनापासून आभार. ड्रॉइंग अजून पक्कं झालेलं नाही, आरसीसी कन्सल्टंटला उद्याच फोन करते. मातीचा ढीग आणि कट्टा दोन्ही नकाशात घातले. नळावर मात्र कमिटी पाणी वाया जाईल म्हणून अडणार. मुलांच्या उंचीवर, हात काढला की आपोआप बंद होणारा नळ कोणी सोसायटीत बसवलाय का? किती टिकतो?