ब्रिटनच्या मतपत्रिकेवर नोटा नाही, मग नेताच नकोसा झाला तर मत द्यायचं कुणाला?

राजवाडा४५: २०२४च्या लोकसभेला इंदुरात काँग्रेसच्या उमेदवाराने अर्ज मागे घेतला आणि नोटाला २,१८,६७४ मतं पडली. त्याच वर्षी ४ जुलैला ब्रिटनमध्ये निवडणूक झाली. तिथेही तेव्हाचे पंतप्रधान, कंझर्व्हेटिव्ह पक्षाचे सुनक नकोत आणि लेबर पक्षाचे नेते स्टार्मरही नकोत म्हणणारे खूप होते, पण तिथे नोटाच नाही. अशा मतदाराने करायचं काय? कोरी मतपत्रिका टाकली तर मोजतात का? आणखी एक, भाचा लेस्टरला शिकतोय, भारतीय पासपोर्टवर. पुढच्या निवडणुकीत त्याला खरंच मत देता येईल?

स्नेहलतागंज: येईल. राष्ट्रकुल देशाचं नागरिकत्व, १८ वर्षं पूर्ण, तिथला पत्ता आणि राहण्याचा वैध परवाना एवढं पुरतं. किती वर्षं राहिलात हे विचारत नाहीत. मात्र नाव नोंदवावं लागतं, तेही मतदानाच्या १२ कामकाजाचे दिवस आधी. ऑनलाइन अर्जात नॅशनल इन्शुरन्स नंबर (तिथला नोकरी-कराचा सरकारी क्रमांक) मागतात. तो नसेल तर तसं कळवायचं, मग कौन्सिल (तिथली पालिका) ओळखीची कागदपत्रं मागवते. त्या पत्राला उत्तर दिलं नाही तर नाव यादीत चढत नाही, हे त्याला आवर्जून सांगा.

केंद्रावर फोटो असलेलं ओळखपत्र लागतं. २०२४ची निवडणूक ही या नियमाची पहिलीच सार्वत्रिक निवडणूक होती. भारतीय पासपोर्ट चालतो, मुदत संपलेला असला तरी, फक्त चेहरा ओळखू यायला हवा. आधार किंवा कॉलेजचं कार्ड चालत नाही. वेळ सकाळी ७ ते रात्री १०.

आडाबाजार: कोरी मतपत्रिका मोजतात, पण बाद मतांत. बाद ठरण्याची कारणं चार: अधिकृत खूण नसणं, एकापेक्षा जास्त उमेदवारांना मत, मतदार ओळखू येईल असं काही लिहिणं, आणि कोरी किंवा अर्थ न लागणारी मतपत्रिका. म्हणजे रागाने कोरी सोडलेली आणि गोंधळून कोरी राहिलेली, दोन्ही एकाच रकान्यात जातात. आपल्याकडे नोटाला निदान स्वतःची ओळ आणि स्वतःचा आकडा असतो. माझ्या मते हा फरक मोठा आहे.

शिवाय एक धोका आहे. मतपत्रिकेवर फुली मारायची असते, बूथमध्ये पेन्सिल ठेवलेली असते. कुणी वैतागून एकाच उमेदवाराच्या चौकोनात रेघोट्या ओढल्या, तर अधिकारी ते त्याच उमेदवाराचं मत धरू शकतो. संशयित मतपत्रिका एकेक करून उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर धरून निर्णय देतात.

जुनी_इंदूर: मूळ मुद्दा राहतोय. पक्षनेत्याचं नाव फक्त त्याच्या स्वतःच्या मतदारसंघातल्या मतपत्रिकेवर असतं. नेत्याला हटवायची वाट पक्षातून जाते: लेबरमध्ये आव्हान द्यायचं तर २० टक्के खासदारांचा पाठिंबा लागतो. २०१९ची एकच निवडणूक, पण त्या सभागृहाच्या काळात जॉन्सन, ट्रस आणि सुनक असे तीन पंतप्रधान झाले, आणि शेवटच्या दोन बदलांत सामान्य मतदाराला कुणी विचारलं नाही. चीड साचली ती इथेच.

त्यामुळे राग काढायचा तो आपल्या मतदारसंघात. गेल्या वेळी तिथे दुसरा कोण होता आणि किती मतांनी मागे, हे आधी बघायचं. ट्रस स्वतः नॉरफोकमध्ये ६३० मतांनी पडल्या. लेबरला देशभर ३३.७ टक्के मतं होती, तरी ४११ जागा मिळाल्या. रिफॉर्म पक्षाला १४.३ टक्के आणि जागा ५, लिबरल डेमोक्रॅटांना १२.२ टक्के आणि जागा ७२. मतं विखुरलेली की एकवटलेली, एवढाच खेळ.

लेस्टरमध्ये तर हे अगदी स्पष्ट दिसतं. लेस्टर ईस्टला लेबरचे उमेदवार राजेश अग्रवाल, मूळचे आपल्या इंदूरचे. तिथले लेबरचे दोन माजी खासदार कीथ वाझ आणि क्लॉडिया वेब हेही त्यांच्याविरुद्ध उभे. मतं फुटली आणि काँग्रेस-भाजपसारखी सरळ लढत राहिलीच नाही. कंझर्व्हेटिव्हच्या शिवानी राजा निवडून आल्या. देशभर पडझड होत असताना त्या पक्षाने नव्याने जिंकलेली ही एकमेव जागा. शेजारच्या लेस्टर साउथमध्ये लेबरचे जोनाथन अ‍ॅशवर्थ एका अपक्षाकडून ९७९ मतांनी हरले.

राजवाडा४५: भाचा सुट्टीत लंडनला काकांकडे असतो. दोन्हीकडे नाव चालेल का?

स्नेहलतागंज: दोन्ही ठिकाणी खरोखर राहत असेल तर दोन्ही याद्यांत नाव ठेवता येतं, पण संसदेसाठी मत एकाच ठिकाणी. दोनदा दिलं तर गुन्हा. निवडणूक सुट्टीत आली तर लेस्टरचं मत टपालाने मागवा, अर्ज ११ कामकाजाचे दिवस आधी, संध्याकाळी ५ च्या आत.