मदत हवी आहे (नोव्हेंबर २०२५): मोठे फ्री एजंट सॅन फ्रान्सिस्को जायंट्सला नकार का देतात?

नमस्कार.

आम्ही २०११ साली पुण्याहून कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला राहायला आलो. पुढच्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्को जायंट्स या बेसबॉल संघाने वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची अंतिम मालिका, जिंकली आणि त्याच वर्षी आमची मुलगी जन्मली. २०१४ साली संघ पुन्हा जिंकला, पण तेव्हा ती दोन वर्षांची होती. त्यामुळे ज्या संघासाठी ती आज जीव टाकते, त्याचे एकही विजेतेपद तिच्या आठवणीत नाही. २०२१ साली संघाने १०७ सामने जिंकले, तेव्हा तिला खेळ नुकता कळू लागला होता. त्यानंतरच्या चार हंगामांत १६२ पैकी अनुक्रमे ८१, ७९, ८० आणि ८१ विजय मिळाले आणि एकदाही बाद फेरी गाठता आली नाही.

ज्यांचा मुख्य खेळ क्रिकेट आहे त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण देते. आयपीएलच्या लिलावात जो संघ सर्वाधिक बोली लावतो त्याच्याकडे खेळाडूला जावे लागते. बेसबॉलमध्ये मुख्य लीगमधील सहा वर्षांची सेवा पूर्ण झाली आणि करार संपला, की खेळाडू फ्री एजंट होतो. मग कोणते शहर, कोणता संघ आणि किती वर्षे, हे तो स्वतः ठरवतो. म्हणूनच नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात एकही चेंडू टाकला जात नसताना चाहत्यांचा जीव टांगणीला लागलेला असतो.

आमच्या फ्रिजवर एक कागद लावलेला आहे. जायंट्सने ज्या खेळाडूंसाठी प्रयत्न केले त्यांची नावे मुलीने त्यावर पेन्सिलीने लिहिली आहेत आणि तो खेळाडू दुसरीकडे गेला की ती नावावर रेघ मारते. ॲरन जज याच राज्यातल्या लिंडनचा आणि लहानपणी जायंट्सचाच चाहता. २०२२ च्या डिसेंबरात तो जायंट्सकडे चालल्याची बातमी आली, काही मिनिटांत ती मागे घेतली गेली आणि अखेर ९ वर्षे व ३६ कोटी डॉलर घेऊन तो यांकीजकडेच राहिला. त्याच महिन्यात कार्लोस कोरेआशी १३ वर्षांचा, ३५ कोटींचा करार ठरला. पत्रकार परिषदेच्या दिवशी सकाळी ती रद्द झाली. २०२३ साली शोहेई ओहतानी ७० कोटींवर आणि योशिनोबु यामामोतो ३२.५ कोटींवर लॉस एंजेलिसच्या डॉजर्सकडे गेले. २०२४ साली कॉर्बिन बर्न्सने ॲरिझोना निवडले. याच महिन्याच्या सुरुवातीला यामामोतोने डॉजर्सला सलग दुसरे विजेतेपद मिळवून दिले आणि मालिकेतील सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला. तो सामना आम्ही एकत्र पाहिला. संपल्यावर ती उठून फ्रिजपाशी गेली आणि त्याच्या नावावरच्या रेघेकडे बराच वेळ बघत उभी राहिली.

आता तिने सध्या फ्री एजंट असलेल्या काइल टकरचे नाव लिहिले आहे आणि मला विचारले आहे, "आई, आपल्याकडे यायला कोणालाच का आवडत नाही?" मैदान फलंदाजांना प्रतिकूल आहे, कॅलिफोर्नियाचा कर जास्त आहे आणि शहराची प्रतिमा बिघडली आहे, ही तीन कारणे सगळीकडे ऐकू येतात. यांतले खरे कोणते? आणि या हिवाळ्यात आम्ही नेमकी कशाची अपेक्षा ठेवावी? कृपया जाणकारांनी सविस्तर लिहावे. तिला खोटी आशा दाखवायची नाही, पण विनाकारण निराशही करायचे नाही.

पहिला प्रतिसाद

मी १९९१ पासून सॅन होजेत राहतो आणि तेव्हापासून हाच संघ पाहत आलो आहे, म्हणून मैदानाच्या मुद्द्यावर आधी लिहितो.

मैदान बॅटरला कठीण आहे, यात शंका नाही. उजव्या कोपऱ्यातली भिंत होम प्लेटपासून (बॅटर उभा राहतो त्या जागेपासून) ३०९ फुटांवर, म्हणजे जवळ आहे, परंतु ती २४ फूट उंच आहे. संघाचा महान माजी खेळाडू विली मेझ याच्या २४ क्रमांकाचा तो मान आहे. तिथून मध्याकडे सरकत जावे तशी भिंत दूर पळते आणि उजव्या-मध्य कोपऱ्यात हे अंतर ४१५ फूट होते. जुलैच्या रात्री तिथे बसा, म्हणजे कळेल. आम्ही स्वेटर घालून, दशम्यांची पुडी मांडीवर ठेवून बसलेलो असतो. डावखुरा बॅटर चेंडू असा टोलवतो, की सगळे स्टेडियम उभे राहते. मग खाडीवरून येणाऱ्या थंड, जड हवेत तो चेंडू दमल्यासारखा खाली येतो आणि क्षेत्ररक्षक भिंतीला पाठ न लावता तो सहज झेलतो. दुसऱ्या मैदानावर ज्याचा होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखा भिंतीपलीकडचा फटका) झाला असता, तो बॅटर मान खाली घालून परततो. मोठ्या कराराच्या वाटेवरच्या खेळाडूचे मोल होमरनवर ठरते, तेव्हा त्याला हे मैदान नकोसे वाटले तर त्याला दोष देता येत नाही. बॅरी बाँड्सने २००४ साली ४५ होमरन मारले, त्यानंतर जायंट्सच्या एकाही खेळाडूला एका हंगामात ३० चा आकडा गाठता आला नव्हता. यंदा विली अदामेसने हंगामाच्या शेवटच्या दिवशी तो गाठला. मधे २१ वर्षे गेली.

तरीही एक गोष्ट लेकीला आवर्जून सांगा. खुद्द बाँड्स या संघाकडे फ्री एजंट म्हणूनच आला होता. १९९२ च्या डिसेंबरात संघाची अवस्था आजच्यापेक्षा वाईट होती: हंगामात ७२ विजय आणि ९० पराभव, संघ टँपा बे भागात हलवण्याचा सौदा नुकताच फिसकटलेला आणि मैदान कँडलस्टिक पार्क, ज्याच्या वाऱ्यापुढे आजचे मैदान ऊबदार म्हणावे लागेल. अशा वेळी त्या काळातला सर्वोत्तम खेळाडू ६ वर्षांसाठी आला, कारण ४ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलर ही तोवरची सर्वांत मोठी रक्कम होती आणि हे त्याचे घर होते. त्याचे वडील बॉबी याच संघात खेळले, विली मेझ त्याचा धर्मपिता आणि तो लहानाचा मोठा झाला जवळच्या सॅन कार्लोसला. पुढच्याच हंगामात संघाने १०३ सामने जिंकले. त्यामुळे इकडे कोणी येतच नाही, हे मला मान्य नाही.

दुसरा प्रतिसाद

मी कर सल्लागार आहे, त्यामुळे केवळ कराबद्दल लिहिते. कॅलिफोर्नियात उत्पन्नाच्या सर्वांत वरच्या टप्प्यावर राज्याचा आयकर १३.३ टक्के आहे. टेक्सास आणि फ्लोरिडात असा कर नाही. कोट्यवधींच्या करारात हा फरक मोठा असतो. मात्र खेळाडूला कर केवळ घरच्या राज्यात भरावा लागत नाही, ज्या ज्या राज्यात तो कामाचे दिवस घालवतो तिथेही हिशोब होतो, त्यामुळे प्रत्यक्ष फरक ऐकीव आकड्यापेक्षा कमी पडतो. शिवाय ओहतानी, यामामोतो आणि पिचर ब्लेक स्नेल हे तिघेही डॉजर्सकडे गेले, आणि लॉस एंजेलिस याच राज्यात आहे. तुमच्या फ्रिजवरच्या निम्म्या रेघांचे उत्तर करात सापडणार नाही.

ओहतानीच्या ७० कोटींपैकी ६८ कोटी त्याला २०३४ ते २०४३ या काळात मिळणार आहेत. जायंट्सच्या तत्कालीन प्रमुखांनी नंतर जाहीरपणे सांगितले होते, की त्यांचा प्रस्तावही जवळपास तसाच होता. म्हणजे तिथे पैसा कमी पडला नाही.

तिसरा प्रतिसाद

मी न्यू जर्सीत असतो आणि न्यू यॉर्कच्या मेट्स संघाचा पाठीराखा आहे, म्हणून बाहेरून पाहणाऱ्याचे मत समजून वाचावे.

तुमच्या मुलीच्या यादीत एक चूक आहे. कोरेआने नकार दिला नव्हता. वैद्यकीय तपासणीनंतर जायंट्सच मागे सरले. मग आमच्या मेट्सने १२ वर्षांचा, ३१.५ कोटींचा करार ठरवला, तोही तपासणीतच अडला आणि अखेर तो ६ वर्षांसाठी, २० कोटींवर मिनेसोटाला गेला. त्या रेघेचा रंग वेगळा हवा.

बर्न्सचेही तसेच. त्याचे घर ॲरिझोनात होते, कुटुंब तिथे होते आणि २१ कोटी डॉलर घरापासून काही मिनिटांवर मिळत होते. याला तुमच्या शहराचा अपमान समजू नये.

मात्र शहराच्या प्रतिमेचा मुद्दा काल्पनिक नाही. ओहतानी गेल्यानंतर बस्टर पोझीनेच, तो तेव्हा मालकांपैकी एक होता, असे सांगितले होते, की शहराच्या परिस्थितीबद्दल खेळाडूंच्या आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या मनात शंका असतात. संघाचा सर्वांत लाडका माजी कॅचर असे म्हणतो, तेव्हा ते ऐकून घ्यावे लागते. परंतु माझ्या मते याहून मोठे कारण तुम्ही स्वतःच पहिल्या परिच्छेदात लिहून ठेवले आहे: ८१, ७९, ८०, ८१. ज्या खेळाडूसमोर दोन संघ सारखीच रक्कम ठेवतात, तो ऑक्टोबरात, म्हणजे बाद फेरीत, खेळणारा संघ निवडतो. रक्कम सारखी असेल तेव्हा तुम्ही हरता. रक्कम आणि वर्षे ठळकपणे जास्त असतील तेव्हा जिंकता. जंग हू ली ६ वर्षांसाठी ११.३ कोटींवर आला, अदामेस ७ वर्षांसाठी १८.२ कोटींवर आला, आणि ती संघाच्या इतिहासातली तोवरची सर्वांत मोठी रक्कम होती. प्रश्न एवढाच आहे, की मालक पुन्हा तसे करतील का. विशेषतः १ डिसेंबर २०२६ ला खेळाडू आणि मालक यांच्यातला सामूहिक करार संपतो आणि त्यानंतर काय होईल याची धास्ती सगळ्यांनाच आहे.

पहिल्या प्रतिसादकर्त्याचा पुन्हा प्रतिसाद

वरच्या मुद्द्याला जोडून, या हिवाळ्याबद्दल.

पोझी आता बेसबॉल विभागाचा प्रमुख आहे आणि गेल्या जूनमध्ये त्याने रफाएल डेव्हर्सला बॉस्टनकडून अदलाबदलीत आणले. त्याचा १० वर्षांचा, ३१.३५ कोटींचा करार बॉस्टननेच केलेला होता. अदलाबदलीत, करारात तशी अट नसेल तर, सहसा खेळाडूची परवानगी लागत नाही. जिथे मन वळवणे जमत नाही तिथे हा रस्ता उपयोगी पडतो. तोही नेहमी चालतो असे नाही. २०१७ साली जियानकार्लो स्टँटनने नकाराधिकार वापरून जायंट्सकडे येणे टाळले होते.

अदामेस, चॅपमन आणि डेव्हर्स यांच्यामुळे फलंदाजीचा कणा ठरलेला आहे आणि ब्राइस एल्ड्रिजसारखा तरुण सप्टेंबरात येऊन गेला आहे. उणीव आहे ती पिचिंगची, म्हणजे गोलंदाजीची. लोगन वेब आहे, रॉबी रेच्या कराराचे एक वर्ष उरले आहे. जस्टिन व्हर्लँडरचा करार संपला. बुलपेनची, म्हणजे सामन्यात नंतर येणाऱ्या राखीव पिचरांची, अवस्था तर चिंताजनक आहे: डोवाल आणि टायलर रॉजर्स जुलैत गेले, रँडी रॉड्रिगेझच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली. आणि इथेच मैदान तुमच्या बाजूने उभे राहते. ज्या थंड हवेत बॅटरचा चेंडू मरतो, तीच हवा पिचरचे आकडे सुधारते. बॅरी झिटो २००६ साली १२.६ कोटींवर आला, जॉनी क्वेटो २०१५ साली १३ कोटींवर आला. ब्लेक स्नेल २०२४ साली आला, आणि एकही हिट न देता पूर्ण सामना टाकून मग गेला. पिचर या मैदानाला घाबरत नाहीत. फ्रामबर व्हाल्डेझ, रेंजर सुआरेझ आणि जपानहून येऊ पाहणारा तात्सुया इमाई, हे तिघेही २०२५ च्या या हिवाळ्यात बाजारात आहेत.

नव्या व्यवस्थापकाबद्दलही (बेसबॉलमध्ये हाच मुख्य प्रशिक्षक) लिहायला हवे. टोनी व्हिटेलो थेट टेनेसी विद्यापीठातून आला आहे. व्यावसायिक बेसबॉलमध्ये खेळाडू किंवा प्रशिक्षक म्हणून काहीही काम न करता कॉलेजमधून थेट मुख्य लीगचा व्यवस्थापक झालेला तो पहिलाच. ड्रू गिल्बर्ट आणि ब्लेड टिडवेल हे त्याचे जुने विद्यार्थी आधीच आपल्या संघात आहेत. तिशीतला अनुभवी खेळाडू अशा माणसाकडे पाहून येईल की बिचकेल, हे मला आज सांगता येत नाही, आणि जो ठामपणे सांगतो त्याच्यावर मी विश्वास ठेवणार नाही.

टकरसाठी मात्र लेकीची पेन्सिलच राहू द्यावी. त्याने शिकागोचा, म्हणजे त्याच्या आताच्या संघाचा, २ कोटी २० लाख २५ हजारांचा एका वर्षाचा प्रस्ताव नाकारला, तर त्याला घेणाऱ्या संघाला ड्राफ्टमधल्या (नवे तरुण खेळाडू निवडण्याच्या वार्षिक फेरीतल्या) निवडीही गमवाव्या लागतील, आणि त्याच्यासारख्या डावखुऱ्या बॅटरपुढे ती ४१५ फुटांवरची भिंत उभीच आहे.

धागाकर्तीचा प्रतिसाद

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. काल रात्री जेवणानंतर हे सारे मी मुलीला वाचून दाखवले. कोरेआची रेघ तिने खोडून तिथे निळ्या पेनने "आपणच" असे लिहिले. बाँड्सची हकिकत ऐकून ती लगेच १९९३ चे निकाल शोधायला बसली आणि १०३ विजय मिळवूनही संघ एका सामन्याने बाद फेरीबाहेर राहिला, हे कळल्यावर तिला ते आजच्यासारखेच दुःख झाले.

आज सकाळी कागदावर दोन रकाने झाले आहेत, बॅटर आणि पिचर. टकर अजून आहे, पण पिचरच्या रकान्यात व्हाल्डेझ, सुआरेझ आणि इमाई ही नावे आली आहेत. तिची एक शंका उरली आहे आणि तिचे उत्तर मला देता आले नाही: व्हाल्डेझ आणि सुआरेझ यांच्यासाठीही ड्राफ्टमधल्या निवडी द्याव्या लागू शकतात, इमाईसाठी मात्र त्याच्या जपानी संघाला वेगळी रक्कम द्यावी लागते, मग जायंट्ससाठी यांतला अधिक परवडणारा मार्ग कोणता? ज्यांना हा हिशोब माहीत आहे त्यांनी कृपया लिहावे. शनिवारी तिचा सॉफ्टबॉलचा सामना आहे, त्यानंतर आम्ही दोघी पुन्हा इथे येऊन वाचू.