डेस्कटॉप डेटाबेस शिकताना आधी टेबलांची रचना की आधी चालता फॉर्म?

धागाकर्ता (ग्रंथपाल)

आमच्या ब वर्ग सार्वजनिक वाचनालयाची देवघेव मी मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या डेटाबेस प्रोग्रॅममध्ये सांभाळतो. आता दोन नवे सहायक ते काम शिकणार आहेत, आणि माझे मत असे की त्यांनी संगणकाला हात लावण्याआधी टेबलांची रचना कागदावर करायला शिकले पाहिजे.

मी स्वतः उलट्या क्रमाने शिकलो. एका सभासदाला दोनच पुस्तके देण्याचा नियम होता, म्हणून सभासदांच्या टेबलातच ‘पुस्तक १’ आणि ‘पुस्तक २’ अशी दोन फील्डे (रकाने) केली. ॲक्सेसच्या विझार्डने (टप्प्याटप्प्याने मदत करणाऱ्या सोयीने) माहिती भरण्याचा सुबक फॉर्म करून दिला आणि काम सुरू झाले. पुढे कार्यकारिणीने जोडीला एक दिवाळी अंक देण्याचे ठरवले, तेव्हा टेबल, फॉर्म, क्वेऱ्या (टेबलांना विचारायचे प्रश्न) आणि थकबाकीचा रिपोर्ट असे सगळेच उसवावे लागले. त्याहून वाईट म्हणजे पुस्तक परत आले की त्याच फील्डमध्ये नव्या पुस्तकाचा दाखल क्रमांक (वाचनालयाने प्रतीला दिलेला क्रमांक) लिहिला जाई आणि जुनी नोंद पुसली जाई; त्यामुळे पाने फाटलेले पुस्तक आधी कोणाकडे होते, हे सांगणे अशक्य झाले.

आज पुस्तके, प्रती, सभासद आणि देवघेव अशी चार टेबले आहेत. एका कादंबरीच्या पाच प्रती असल्या तरी शीर्षक एकदाच लिहिले जाते, दाखल क्रमांक मात्र पाच असतात. आमच्या कागदी दाखल नोंदवहीत प्रत्येक प्रतीला स्वतंत्र क्रमांक होताच. मी तिच्याकडे नीट पाहिले असते तर एवढी उस्तवार करावी लागली नसती.

संगणक शिक्षिका

आपला अनुभव खरा आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. मी काही वर्षे अभ्यासक्रमाची सुरुवात नॉर्मल फॉर्मने, म्हणजे टेबलांत पुनरुक्ती टाळण्याच्या नियमांनी, करत असे. पहिला, दुसरा, तिसरा नॉर्मल फॉर्म फळ्यावर समजावून होईपर्यंत निम्मा वर्ग गळालेला असे, आणि उरलेल्यांना व्याख्या पाठ असूनही स्वतःचे एक टेबल मांडता येत नसे.

नंतर मी दूध संकलन केंद्राची वही दिली: उत्पादकाचे नाव, सकाळ किंवा संध्याकाळ, लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातील स्निग्धेतर घनपदार्थ). विद्यार्थ्यांनी सगळे एकाच टेबलात भरले आणि मी अडवले नाही. दहा दिवसांचे बिल काढताना एकाच उत्पादकाची दोन बिले निघाली, कारण सकाळी कोणी ‘बाळासाहेब’ लिहिले होते आणि संध्याकाळी ‘बाळासो’. उत्पादकाला स्वतंत्र टेबल आणि स्वतःचा क्रमांक का हवा, हे त्या दिवशी मला सांगावे लागले नाही. प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक नोंद वेगळी ओळखणारा असा क्रमांक, ही गरज म्हणून समजली तरच ती लक्षात राहते.

प्रोग्रामर

दोन्ही बाजू एक मूलभूत प्रश्न टाळत आहेत. ॲक्सेसची फाइल २ जीबीपर्यंतच वाढते, आणि एकच फाइल वायफायवरून अनेकांनी उघडली तर ती बिघडण्याचा धोका असतो. मायक्रोसॉफ्टच्याच व्हिज्युअल फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रणालीवर ज्यांनी उमेदीची वर्षे घालवली, त्यांचे पाहा: तिची शेवटची मुख्य आवृत्ती २००४ साली आली आणि २०१५ साली कंपनीचा आधारही संपला. नव्या माणसाला एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारण्याची भाषाच, शिकवावी. ती भाषा वापरणारी एसक्यूलाइट ही डेटाबेस प्रणाली मोफत आहे, तीही एकाच फाइलीत राहते आणि तिथे शिकलेले पुढे मोठ्या सर्व्हरवर उपयोगी पडते.

धागाकर्ता (ग्रंथपाल)

फॉक्सप्रोचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. त्या काळातील डीबीएफ टेबले (फॉक्सप्रोच्या टेबलांच्या फाइली) आजही लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस प्रोग्रॅममध्ये उघडतात. फॉर्म आणि प्रोग्रॅम मात्र जुन्या यंत्रासोबत गेले. रचना टिकते, म्हणून ती आधी शिकावी. एसक्यूएल जरूर यावे, परंतु काउंटरवर सभासदांची रांग उभी असताना सहायकाला फॉर्म लागतो, आणि तो ॲक्सेसमध्ये एका दुपारी तयार होतो. वायफायचा धोका मान्य आहे. त्यासाठी टेबले वेगळ्या फाइलीत एका संगणकावर ठेवावीत, फॉर्मची फाइल प्रत्येकाच्या संगणकावर द्यावी आणि मधली जोडणी केबलची असावी. ही विभागणी आणि रोजचा बॅकअप मी दुसऱ्या पातळीवर शिकवेन, कारण चुकीच्या रचनेची फाइल दोन भागांत विभागली तरी चूक तशीच राहते.

संगणक शिक्षिका

पातळ्यांबद्दल आपले एकमत होऊ शकेल. नवशिक्याने एका टेबलातून सुरुवात करावी. पहिली अडचण आली की टेबले वेगळी करून रिलेशनशिप (टेबलांमधला दुवा) जोडावी आणि रेफरेन्शियल इंटिग्रिटी, म्हणजे दुव्याच्या दुसऱ्या टोकाला नोंद असलीच पाहिजे हा नियम, चालू करून, सभासदच नसलेल्या क्रमांकावर पुस्तक देऊन पाहावे. ॲक्सेस ती नोंद नाकारते, आणि तो नकार डोळ्यांनी पाहणे हाच माझ्या मते खरा धडा आहे. मॅक्रो (कामांची साठवलेली मालिका) आणि व्हीबीए (ॲक्सेसमधली प्रोग्रॅमिंगची भाषा) त्यानंतर. माझा आग्रह एवढाच की नवशिक्याला पहिली चूक करण्याची मोकळीक असावी.

धागाकर्ता (ग्रंथपाल)

ती मोकळीक मी देईन, पण नकलेवर. देवघेव नोंदवहीची गेल्या महिन्याची पाने दोघांना देतो आणि हवे तसे टेबल करू देतो. मग ‘हा दाखल क्रमांक याआधी कोणाकडे होता’ एवढा एकच प्रश्न विचारतो. त्याचे उत्तर देणारी क्वेरी ज्याला स्वतः लिहिता येईल, त्याच्याच हाती चालू फाइल जाईल. आमच्याकडे ती एकच आहे, आणि तिच्यात सभासदांची अनामतही नोंदलेली आहे.