मदत हवी आहे: पोस्टिंग बदलली, .३२ रिव्हॉल्व्हर ओळखीच्या माणसाला विकायचं आहे

तोफखाना_फलटण
जय हिंद. देवळालीची पोस्टिंग आली आहे, मूव्ह ऑर्डर हातात पडली. माझ्याकडे स्वतःचं .३२ रिव्हॉल्व्हर आहे, परवाना रीतसर आहे. मुलींच्या कॉलेजची फी आणि नवीन बिऱ्हाड एकदमच आलंय, म्हणून विकून मोकळं व्हायचंय. घेणारा आमच्याच फलटण तालुक्यातला, मेहुण्याचा मित्र. त्याच्याकडेही परवाना आहे. रजेवर गावी जाईन तेव्हा वस्तू द्यायची आणि पैसे घ्यायचे, असा विचार आहे. शंभरच्या स्टॅम्पवर करारनामा चालतो की नोटरी लागते? ज्याला पक्की माहिती आहे त्यानेच लिहा, वेळ कमी आहे.

सह्याद्री_२२
शंभरचा स्टॅम्प आता महाराष्ट्रात चालत नाही. ऑक्टोबर २०२४ पासून किमान पाचशेचा.

कृष्णाकाठचा_वकील
स्टॅम्पचं नंतर बघू. साहेब, आधी हे सांगा. परवाना कुठल्या जिल्ह्याने दिला? त्यावर क्षेत्र, म्हणजे तो कुठे चालतो, काय लिहिलंय? यूआयएन (परवानाधारकाचा ओळख क्रमांक) पडलाय का? रिव्हॉल्व्हर दुकानातून घेतलं की लष्कराच्या डेपोतून? आणि आत्ता ते आहे कुठे? यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही, आणि उत्तर सगळं त्यावरच अवलंबून आहे.

डबलबार
एवढा कीस कशाला काढता? कुठल्याही गन हाऊसमध्ये जा, वस्तू त्यांच्याकडे टाका, ते गिऱ्हाईक बघतील. माझी बारा बोअर अशीच गेली. खाजगीत कुणाला देऊच नये, उद्या त्याने काही केलं तर पोलीस पहिल्यांदा तुमच्या दारात येतात.

तोफखाना_फलटण
वकील साहेब, परवाना जम्मू भागातल्या जिल्ह्याचा, इथल्या पोस्टिंगवर असतानाच काढला. यूआयएन आहे. कानपूरचं रिव्हॉल्व्हर, दुकानातून घेतलंय, बिल आहे. आत्ता युनिटच्या कोतमध्ये (शस्त्रागारात) जमा आहे. गिऱ्हाईक आधीच ठरलंय त्यामुळे गन हाऊसचा प्रश्न येत नाही, ते लोक किंमत पाडतात. मला फक्त करारनाम्याचं सांगा.

कृष्णाकाठचा_वकील
करारनाम्याने शस्त्र हस्तांतरित होत नाही, म्हणून सांगतोय. शस्त्र अधिनियम १९५९, कलम ५(२). स्वतःच्या वापरासाठी कायदेशीरपणे बाळगलेलं शस्त्र तुम्ही विक्रेत्याच्या परवान्याशिवाय दुसऱ्याला विकू शकता. पण त्याआधी जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला लेखी कळवावं लागतं की विकायचा इरादा आहे, आणि घेणाऱ्याचं नाव-पत्ता हा. त्यानंतर किमान ४५ दिवस जाऊ द्यायचे. रजेत दिलं-घेतलं हा प्रकार इथेच संपला. कलम ५ मोडून विकलं तर कलम २५ खाली शिक्षा किमान ७ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत आहे. चांगली नोकरी झालेला माणूस स्टॅम्पपेपरच्या भरवशावर यात अडकू नये, एवढीच माझी तळमळ.

डबलबार
म्हणून तर डीलर म्हणतोय. डीलरला ४५ दिवस लागत नाहीत.

कृष्णाकाठचा_वकील
असं कलमात कुठे आहे ते दाखवा. कलमात ‘दुसऱ्या व्यक्तीला’ असं आहे, डीलरला सूट असं लिहिलेलं नाही. डीलरकडे जमा करणं वेगळं, विकणं वेगळं. तुमची बारा बोअर बहुतेक आधी जमा म्हणून गेली असेल आणि परवानगी त्यांनी मागाहून काढली असेल.

डबलबार
मला कुणी काही विचारलं नाही. काम झालं.

टेक्सासचा_काका
मुलगा अमेरिकन आर्मीत आहे म्हणून सांगतो. इकडे फेडरल कायद्यात सेवेतला सैनिक जिथे कायमस्वरूपी नेमणुकीवर आहे त्या राज्याचा रहिवासी धरतात, म्हणजे बदली झाली की हँडगन खरेदीसाठी राज्य बदलतं. दुसऱ्या राज्यातल्या माणसाला हँडगन खाजगीत विकता येत नाही, परवानाधारक डीलरमधूनच जावं लागतं. तुमच्याकडेही असंच काही असेल.

सह्याद्री_२२
काका, इकडचं गणित वेगळं आहे. इथे रहिवास बघत नाहीत, परवाना काय म्हणतो ते बघतात.

माणदेशी_शेतकरी
विषय निघालाच आहे तर माझं ऐका. दर निवडणुकीला बंदूक ठाण्यात जमा करा म्हणून निरोप येतो. आमच्याकडे रात्री रानडुकरं मका लोळवतात, त्याच वेळी बंदूक ठाण्याच्या खोलीत पडलेली. परत आणायला दोन खेपा, आणि नळीला ओल लागून गंज चढलेला असतो. यावर काय करता येतं?

कृष्णाकाठचा_वकील
दादा, सरसकट सगळ्यांची जमा करू नका, छाननी समितीने प्रत्येक प्रकरण बघावं, असं मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलेलं आहे. तुम्ही पिकाच्या रक्षणाचं कारण लिहून समितीकडे अर्ज करा. वेगळा धागा काढलात तर नमुना देतो, इथे सुभेदार साहेबांचं राहून जाईल.

रिटायर्ड_हेडक्लार्क
सुभेदार आहेत हे तुम्ही कशावरून ठरवलं, त्यांनी लिहिलेलं नाही. असो. तोफखानावाले साहेब, माझ्या हाताखालून असे बरेच कागद गेलेत. दोन गोष्टी. दुकानातून घेतलंय ते बरं झालं. डेपोतून मिळालेलं नॉन-सर्व्हिस पॅटर्न (सैन्याच्या नेहमीच्या वापरातलं नसलेलं) शस्त्र असतं तर लष्कराची परवानगी वेगळी लागली असती. राजस्थानातल्या श्रीगंगानगर प्रकरणात तशीच शस्त्रं बाहेर विकल्यावरून अधिकाऱ्यांवर चौकशा लागल्या. दुसरं म्हणजे जम्मू-काश्मीरचा परवाना. तिथे २०१२ ते २०१६ मध्ये दिलेल्या २.७८ लाख परवान्यांची सीबीआयने चौकशी केली, त्यात फौजींच्या नावावरचे पुष्कळ. तेव्हापासून तिकडचा परवाना दिसला की इकडची शस्त्र परवाना शाखा पडताळणीसाठी पत्र पाठवते आणि उत्तर येईपर्यंत फाईल बसून राहते. तुमचा परवाना खरा असला तरी हा वेळ धरूनच चला. परवान्यावर क्षेत्र काय आहे ते अजून सांगितलं नाहीत.

तोफखाना_फलटण
नायब सुभेदार आहे. परवाना घरून फोटो मागवून बघितला. क्षेत्र फक्त जम्मू-काश्मीर लिहिलंय. त्याने काय होतं?

कृष्णाकाठचा_वकील
त्याने सगळंच होतं. त्या क्षेत्राबाहेर ते शस्त्र नेण्याचा अधिकार त्या परवान्यात नाही. फलटणला रजेवर नेणं सोडाच, देवळालीला सामानात टाकून आणलंत तरी गुन्हा. मिलिटरी स्पेशल रेल्वेतून आणलं तरी फरक नाही, कारण कलम ४५ ची सूट कर्तव्यावरच्या शस्त्राला आहे, तुमच्या खाजगी रिव्हॉल्व्हरला नाही. मूव्हच्या आधीच ज्यांनी परवाना दिला त्यांच्याकडे क्षेत्र वाढवून मागा, सीओ साहेबांचं (युनिटच्या कमांडिंग ऑफिसरचं) पत्र आणि मूव्ह ऑर्डरची प्रत जोडून.

क्षेत्र वाढवून मिळालं आणि रिव्हॉल्व्हर सोबत आणलंत, तर पुढची पायरी परवान्याच्या अटींतच छापलेली असते. ३० दिवसांपेक्षा जास्त मुक्काम हलला तर ३० दिवसांच्या आत जुन्या आणि नव्या दोन्ही परवाना प्राधिकाऱ्यांना कळवायचं, परवाना आणि शस्त्र नव्या ठिकाणी हजर करून नोंद करून घ्यायची. देवळाली कॅम्प नाशिक शहर पोलिसांच्या हद्दीत आहे, त्यामुळे तुमचे नवे प्राधिकारी नाशिकचे पोलीस आयुक्त, जिल्हाधिकारी नव्हेत. लोक नेमके इथे चुकून कलेक्टर कचेरीत चकरा मारतात.

निरा_उजवा_कालवा
विकताय कशाला? शस्त्र नियम २०१६ चा नियम २५ आहे ना, वारसाच्या नावावर करा. मुलगी सज्ञान असेल तर तिच्या नावावर.

रिटायर्ड_हेडक्लार्क
तो नियम परवानाधारक वारल्यावर, नाहीतर तो ७० वर्षांचा झाल्यावर किंवा शस्त्र २५ वर्षं बाळगल्यावर. यांचं त्यात बसत नाही, आणि त्यांना फीसाठी पैसे हवेत.

मला घेणाऱ्याची काळजी जास्त वाटते. त्याचा परवाना कशाचा आहे?

तोफखाना_फलटण
बारा बोअरचा. सातारा कलेक्टरचा. शेतात वापरतो. परवाना आहे म्हटल्यावर त्यात काय बघायचं?

रिटायर्ड_हेडक्लार्क
बारा बोअरच्या परवान्यावर रिव्हॉल्व्हर चढत नाही. परवान्यात शस्त्राचा प्रकार लिहिलेला असतो. त्याने आधी साताऱ्याला शस्त्र परवाना शाखेत हँडगन वाढवून मागायची, कारण द्यायचं, पोलीस चौकशी होऊ द्यायची. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाकडे दोनच शस्त्रं राहू शकतात, त्यामुळे त्याच्याकडे आधीच दोन असतील तर विषयच मिटला. त्याची मंजुरी आल्याशिवाय तुम्ही ४५ दिवसांचं पत्र देऊन उपयोग नाही.

डबलबार
बघा, शेवटी फिरून गन हाऊसवरच येणार.

कृष्णाकाठचा_वकील
या बाबतीत तुमचं म्हणणं मला निम्मं पटतं. जम्मूतच परवानाधारक डीलरकडे जमा ठेवलं तर शस्त्र क्षेत्राबाहेर जाणार नाही आणि साहेब मोकळेपणाने मूव्ह होतील. तिथेच गिऱ्हाईक मिळालं तर फलटणची वाट बघायची गरज नाही. ४५ दिवसांचं पत्र मात्र त्या विक्रीसाठीही द्यावं लागेल.

तोफखाना_फलटण
मेहुण्याच्या मित्राकडून मी बयाणा घेतलाय. तो परत करावा लागेल की काय?

कृष्णाकाठचा_वकील
परत करा, आणि आजच करा. पैसे पोहोचले आणि कागद नाही, हे उद्या कुणी उलटं वाचलं तर उत्तर देणं जड जाईल. बँकेतूनच पाठवा.

तोफखाना_फलटण
ठीक आहे. सीओ साहेबांकडे उद्याच भेटीची वेळ (इंटरव्ह्यू) मागतो. मी जाईपर्यंत रिव्हॉल्व्हर कोतमध्येच राहू दे आणि मूव्हच्या आधी डीलरकडे जमा करतो. मित्राला साताऱ्यात अर्ज करायला सांगतो, मिळालं तर ठीक, नाहीतर जम्मूतच विकेन. पत्रात काय काय लिहायचं तेवढं कुणी सांगा.

रिटायर्ड_हेडक्लार्क
कोतची पावती पक्की घ्या, तोंडी नको. पत्रात तुमचा आर्मी नंबर, हुद्दा, युनिट, परवाना क्रमांक, यूआयएन, परवान्याची मुदत, शस्त्राचा प्रकार, बोअर, बनावट आणि बॉडीवर कोरलेला नंबर. तो नंबर परवान्यावरून उतरवू नका, कोतमध्ये उभं राहून शस्त्रावरून वाचा, कारण एक आकडा इकडचा तिकडे झाला की फाईल परत येते. खाली घेणाऱ्याचं पूर्ण नाव, पत्ता, त्याचा परवाना क्रमांक. उरलेली काडतुसं असतील तर त्यांची संख्याही. एक प्रत जिल्हादंडाधिकाऱ्यांना, एक युनिटच्या हद्दीतल्या ठाण्याला, एक घेणाऱ्याच्या प्राधिकाऱ्याला. तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का मारून घ्या, ४५ दिवस त्या तारखेपासून मोजायचे.