आयोडीन घेऊन आलेल्या पेशंटचं ताट किती दिवस वेगळं ठेवायचं?

कृष्णाकाठ (सांगली):
थायरॉईडच्या कॅन्सरसाठी किरणोत्सारी आयोडीन (आय-१३१) घेतलेल्या बायकांची ताट-वाटी सहा-सहा महिने वेगळी ठेवतात. मशीनवर 'शेक' किंवा 'लाईट' घेतलेल्यांनाही तोच न्याय! ही शिवाशिव झाली. शेकात किरण बाहेरून येतात, मशीन बंद झालं की अंगात काही उरत नाही. त्याच संध्याकाळी नातवाला मांडीवर घ्या. आयोडीन पोटात जातं, म्हणून थोडे दिवस जपायचं. पण अर्धायुष्य (किरणोत्सार निम्मा व्हायला लागणारा काळ) ८ दिवस, आणि थायरॉईडची ग्रंथी काढलेली असेल तर बहुतेक भाग पहिल्या दोन दिवसांत लघवीवाटे जातो. आठवडाभर पाळा, मग पंगतीत घ्या.

मिरज_जंक्शन:
शेकाचं मान्य. पण आयोडीनला सरसकट 'आठवडा' सांगू नका. ३० मिलिक्युरीच्या (किरणोत्साराचं माप) वर डोस असेल तर वेगळ्या खोलीत ठेवतात आणि पेशंटपासून एक मीटरवर किरणांची मात्रा तासाला साधारण ५० मायक्रोसिव्हर्टपर्यंत (अंगाला लागणाऱ्या किरणांचं माप) उतरली की सोडतात. सोडलं म्हणजे शून्य झालं असं नाही. आता पुणे-सांगली एसटी धरा. पाच तास, शेजारची सीट, अंतर अर्धा मीटर. अंतर निम्मं झालं की मात्रा चौपट, म्हणजे ताशी २०० आणि पाच तासांत १००० मायक्रोसिव्हर्ट, म्हणजेच १ मिलिसिव्हर्ट. सामान्य माणसाची वर्षाची (निसर्गातले किरण सोडून) १ मिलिसिव्हर्टची मर्यादा एका प्रवासात संपली. शेजारी गरोदर बाई बसली असेल तर?

कृष्णाकाठ:
इतक्या जवळून चौपटीचा नियम फुगवून आकडा देतो, शरीर म्हणजे बिंदू नव्हे. आणि निसर्गातूनच जगात सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. तरी एसटी नको, हे घेतलं. गाडी करा, पेशंट मागे, ड्रायव्हरच्या तिरक्या बाजूला.

हळदपेठ:
तुम्ही दोघे कॅन्सरवरच अडलात. हायपर थायरॉईडचा (ग्रंथी जास्त काम करते असा) पेशंट १०-१५ मिलिक्युरी घेऊन त्याच दिवशी घरी येतो. डोस कमी, पण ग्रंथी शाबूत असल्याने आयोडीन तिथे धरून राहतं, आणि लोकांना वाटतं याला काहीच पाळायला नको. लहान मुलांची ग्रंथी नाजूक असते. चेर्नोबिलच्या अणुभट्टीच्या अपघातानंतर दुधातून आयोडीन गेलं आणि मुलांनाच थायरॉईडचे कॅन्सर झाले. म्हणून पोरं आणि गरोदर बायका यांच्यासाठी दोन-तीन आठवडे, बाकीच्यांना थोडे दिवस. नेमका आकडा डिस्चार्जच्या कागदावर असतो, तो वाचा की!

वाडा_चिरेबंदी:
कागदावर 'स्वतंत्र संडास' लिहिलेलं असतं. गावभागातल्या वाड्यात चार बिऱ्हाडांत एक संडास. मग सहा महिने माहेरी धाडतात, त्यात चूक काय?

मिरज_जंक्शन:
माहेरीही संडास असतोच ना? पुरुषांनीही बसून लघवी करायची, दोनदा पाणी ओतायचं, हात साबणाने धुवायचे. पाणी भरपूर प्यायचं. कपडे-चादरी पहिला आठवडा वेगळ्या धुवायच्या. ताट नेहमीसारखं घासलं की पुरे. सहा महिन्यांचा आकडा गर्भ न राहू देण्याचा आहे, ताटाचा नाही. दोन गोष्टींची सरमिसळ झाली आहे.

कृष्णाकाठ:
हेच! ब्राझीलच्या गोइयानियात १९८७ साली भंगारात गेलेल्या उपचाराच्या मशीनमधली सीझियमची (किरणोत्सारी पदार्थाची) कुपी फुटली. २४९ जणांना लागण, चार मृत्यू. सहा वर्षांच्या मुलीच्या दफनाला जमावाने दगड मारले, शवपेटीला शिशाचं अस्तर असूनही. सीझियमचं अर्धायुष्य ३० वर्षं, तिथे भीतीला कारण तरी होतं. आय-१३१ ची ८० दिवसांत हजारावा भागही उरत नाही.

हळदपेठ:
'लागण' म्हणू नका हो, त्या शब्दानेच ताट वेगळं होतं. अंगावर-कपड्यांवर धूळ बसली होती. आणि अंगावर पाजणाऱ्या आईचा नियम राहिला: डोसच्या सहा आठवडे आधी पाजणं बंद, त्या बाळाला पुन्हा नाही. हे डोस द्यायच्या आधी विचारलं पाहिजे, नंतर नव्हे.